स्क्रू गंजला नव्हता, बिट चुकीचा होता



१ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी समुद्रातल्या ट्रॉलर आणि पर्सीनवाल्यांसाठी असते. आपण नदीतले लहान कॅनोवाले, आपला विषय वेगळा. पण पाऊस जोर धरतो, मांडवीचं पाणी लाल होऊन धावू लागतं, तेव्हा नार्वे-पिळगावापासून आमोण्यापर्यंत आपणही होड्या वर ओढतो आणि इंजिनं उतरवून खोलायला बसतो. आणि दर वर्षी याच दिवसांत संस्थेच्या शेडमध्ये एकच वाक्य घुमतं. "गंजलाय तो, येना मरे!"

गेल्या पावसात आम्ही एक छोटं काम केलं. जे स्क्रू छिन्नीने ठोकून किंवा डोकं ड्रिलने उडवून काढावे लागले, ते सगळे श्रीखंडाच्या एका रिकाम्या डब्यात टाकत गेलो. चतुर्थीआधी डबा जमिनीवर ओतला आणि एकेक स्क्रू हातात घेऊन बघितला. आमची समजूत होती की आटे गंजून भुगा झालेले दिसतील. काही तसे होतेच. पण बरेचसे स्टेनलेसचे होते, आटे स्वच्छ, अंग चकचकीत. बिघडली होती ती फक्त डोक्यावरची फुली. चारही बाजूंनी खरवडून तिची गोल खळगी झाली होती. तो स्क्रू निघायला तयार होता, आपणच त्याची पकड घालवून बसलो.

म्हणून हे लिहितो आहोत. आपल्याकडे खाऱ्या पाण्याच्या नावावर जेवढा खर्च पडतो, त्यातला बराच आपण चुकीच्या बिटाने स्वतःच ओढवून घेतो, असं आमचं स्पष्ट मत झालं आहे. विषय दिसायला अगदीच बारीक आहे. संस्थेच्या पानावर अनुदान, डिझेल-केरोसीन, जाळी असं काही असावं, स्क्रूड्रायव्हर कसला, असं कोणी म्हणेल. त्यांनी पुढचा किस्सा वाचावा.

आपल्याच एका सभासदाचं इंजिन. नाव घेत नाही, त्यांनी सांगायला परवानगी दिली आहे. आउटबोर्डच्या खालच्या भागात, पंख्याच्या वर, गिअरचं तेल असतं. ते बदलायला दोन प्लग असतात, खालचा तेल सोडायचा आणि वरचा पातळी बघायचा. बऱ्याच इंजिनांत या प्लगला रुंद, जाड अशी एकच सरळ खाच असते. यांनी स्कूटरच्या डिकीतला बारीक स्क्रूड्रायव्हर घेतला. पातं खाचेच्या निम्म्या रुंदीचं. जोर लावला तसं ते वर चढलं आणि खाचेची एक कड उचलली गेली. प्लग कसाबसा निघाला. तेल बदललं. परत बसवताना मात्र त्या तुटक्या खाचेत पातं धरेना, म्हणून जेवढा आवळला गेला तेवढ्यावर भागवलं. वॉशरही जुनाच ठेवला. दोन महिन्यांनी तेल उघडून बघितलं तर ताकासारखं पांढरं. पाणी आत शिरलं होतं. बेअरिंग गेली, गिअरला खड्डे पडले आणि काळुंद्रे-शेवट्यांच्या ऐन दिवसांत होडी काठाला. दुरुस्तीच्या बिलात त्यांनी चांगल्या बिटांच्या कितीतरी पेट्या घेतल्या असत्या. खरं तर त्या प्लगसाठी एकच रुंद पात्याचा बिट पुरेसा होता, रॅचेटवर बसणारा.

सरळ खाचेचा नियम साधा आहे. पात्याची रुंदी खाचेच्या लांबीएवढी आणि जाडी खाचेत घट्ट बसेल एवढी. सुरीसारखं टोकाला निमुळतं होत गेलेलं पातं घेऊ नये, ते फिरवताना स्वतःच वर सरकतं. रंगाचे डबे उघडून वाकलेला ड्रायव्हर तर या कामाला अजिबात नाही. (आपल्या शेडमधला पिवळ्या मुठीचा तसलाच आहे. कोणी तरी तो कायमचा घरी न्यावा.)

आता फुलीकडे येऊ. डिचोलीत काय, म्हापशात काय, हार्डवेअरच्या दुकानात आपण सांगतो, "एक स्टार द्या." दुकानदार फुलीचा स्क्रूड्रायव्हर काढून देतो. आपण तो सगळीकडे चालवतो. इथून घोळ सुरू होतो. फुलीला आपण स्टार म्हणतो, आणि खरोखरच सहा पाकळ्यांचा तारा असलेला जो टॉर्क्स आहे त्यालाही स्टारच म्हणतो. दुकानात नाव गोंधळाचं असेल तर स्क्रूच सोबत न्यावा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

फुलीची मापं असतात, ०, १, २, ३ अशी. बिटावर किंवा दांड्यावर 'पीएच २' वगैरे कोरलेलं असतं. ढोबळ हिशेब असा की ३ मिलिमीटरच्या स्क्रूला १ नंबर, ४ आणि ५ मिलिमीटरच्याला २ नंबर, ६ मिलिमीटरच्याला ३ नंबर. आपल्या बहुतेकांच्या घरी फक्त २ नंबर आहे, कारण सुतारकामाला, विजेच्या बोर्डाला तोच चालतो आणि ड्रिल मशीनबरोबर तोच फुकट येतो. मग ६ मिलिमीटरच्या स्क्रूतही आपण २ नंबरच फिरवतो. तो आत बुडतो, पण बाजूंना टेकत नाही, मधल्या मध्ये घसरतो. ज्यांच्याकडे यामाहाची आरएक्स १०० होती किंवा अजून आहे, त्यांनी इंजिनाच्या बाजूच्या झाकणाचे स्क्रू आठवावेत. १९८५ ते १९९६ या काळात आपल्या देशात बनलेली ती गाडी. आज एखादी बघायला मिळाली तर त्या झाकणावरच्या निम्म्या फुल्या खाल्लेल्या असतात, नाही तर कोणी कंटाळून तिथे अ‍ॅलनचे बोल्ट घातलेले असतात. तो गाडीचा दोष नव्हता. गॅरेजच्या पेटीत ३ नंबर नव्हता आणि जो २ नंबर होता तोही त्या फुलीच्या जातीचा नव्हता.

जात म्हणजे काय ते सांगतो, कारण आपल्या धंद्यात हाच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. आपण जिला सरसकट फिलिप्स म्हणतो ती फुली अमेरिकेतली. हेन्री फिलिप्स या गृहस्थाने जॉन थॉम्पसनची मूळ कल्पना घेऊन ती कारखान्यात चालेल अशी केली आणि १९३६ मध्ये जनरल मोटर्सने ती कॅडिलॅक गाड्यांत वापरली. कारखान्याला ती का आवडली, तर मशीनवरचा बिट आपोआप मध्यावर जाऊन बसतो, खाच शोधत बसावं लागत नाही. म्हणजे भराभर आवळण्यासाठी आलेली चीज ती. दहा वर्षं मिठाच्या वाफेत राहिल्यावर उलटी फिरवून काढायची, हे तिचं मूळ कामच नव्हे. तिच्या बाजू उतरत्या असतात, त्यामुळे जोर वाढला की बिट वर ढकलला जातो.

जपानने स्वतःचं मानक केलं, त्याला जेआयएस म्हणतात. दिसायला तीच फुली. पण जपानी ड्रायव्हरचं टोक जरा बोथट असतं आणि पंखांमधले कोपरे जास्त सरळ असतात. फिलिप्सच्या बिटाचे कोपरे गोलसर असल्यामुळे तो जपानी फुलीत तळापर्यंत टेकत नाही, वरच्या वर तरंगतो. केसाएवढाच फरक आहे, पण मऊ स्क्रू असेल तर तेवढा पुरतो. उलट बाजूने मात्र तशी अडचण नाही, जपानी टोकाचा ड्रायव्हर फिलिप्सच्या फुलीत बहुतेक वेळा व्यवस्थित काम करतो.

आता आपल्या शेडमधली इंजिनं आठवा. यामाहा, सुझुकी, होंडा, तोहात्सू. सगळी जपानी घराणी. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीचे चार स्क्रू, इंधनाच्या पंपाचे स्क्रू, हे जिथे फुलीचे आहेत तिथे जपानी फुलीचे असण्याची शक्यता जास्त. मासे घेऊन बाजारात जातो त्या स्कूटर आणि मोटरसायकली, त्यांतल्या कितीतरींचं मूळही तेच. होंडाच्या मोटारीत ब्रेकची डिस्क धरणारे दोन सपाट डोक्याचे फुली स्क्रू असतात, ते तर जगभरच्या मेकॅनिकांनी खराब करून ठेवले आहेत. ओळखायचं कसं? पुष्कळ जपानी स्क्रूंवर फुलीच्या बाजूला, एका कोपऱ्यात, टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका असतो. ठिपका दिसला तर शंका नको. नसला म्हणजे जपानी नाहीच, असं मात्र धरू नये.

आपल्या पेट्यांत जास्त करून नाशिकच्या टपारियाची नाही तर तशाच देशी कंपन्यांची हत्यारं असतात. ती वाईट आहेत असं आम्ही म्हणत नाही, पाने आणि पक्कड आमच्याही घरी तीच आहेत. पण साधा फुलीचा ड्रायव्हर हा फिलिप्सच्या मापाचा असतो, हे लक्षात ठेवावं. जपानी टोकाचे ड्रायव्हर वेगळे मागवावे लागतात, वेसलसारख्या जपानी कंपन्या ते बनवतात. १, २ आणि ३ नंबर असे तीन घेतले की काम भागतं.

फुलीत आणखी एक भानगड आहे, पोझिड्राइव्ह. फुलीच्या मधोमध आणखी बारीक चार रेषा दिसतात. युरोपातल्या मालावर, फर्निचरच्या स्क्रूंवर सापडते. तिला 'पीझेड' लिहिलेला बिट लागतो. आपल्याकडे क्वचितच काम पडतं, पण बिटांच्या पेटीत पीएच आणि पीझेड शेजारी शेजारी असतात आणि घाईत उलटसुलट उचलले जातात. एवढं पुरे.

टॉर्क्स, म्हणजे खरा तारा, १९६७ साली अमेरिकेत निघाला. त्याच्या बाजू उभ्या असतात, म्हणून बिट वर ढकलला जात नाही. पिकअपच्या आणि मोटारींच्या दरवाजाच्या कुलपाचा खिळा, सीटबेल्टचे बोल्ट, दिव्यांचे स्क्रू, अशा ठिकाणी तो आता बऱ्याच गाड्यांत दिसतो. नीट माप बसलं तर यासारखा सोयीचा प्रकार नाही. चूक होते ती दोन ठिकाणी. एक म्हणजे जवळचं माप. टी २५ हा टोकापासून टोकापर्यंत साडेचार मिलिमीटर, टी २७ पाच मिलिमीटरच्या किंचित वर आणि टी ३० म्हणजे ५.६. टी २७ च्या भोकात टी २५ जातो, फिरतोही, आणि जोर आला की पाकळ्या सोलून काढतो. म्हणून नेहमी मोठ्या मापापासून सुरुवात करून खाली यावं. जो सगळ्यात मोठा बिट आत जातो तो खरा. दुसरी चूक म्हणजे ताऱ्यात अ‍ॅलन की ठोकणं. आम्ही हे आमच्या डोळ्यांनी बघितलं आहे आणि खोटं कशाला बोलायचं, एकदा आमच्याच हातून झालं आहे.

अ‍ॅलनचंही तसंच. दुकानाच्या पाटीवर 'एल एन की' लिहिलेलं असतं तीच ती. स्वस्तातल्या जुडग्यात इंची आणि मिलिमीटरच्या काड्या एकत्र मिसळलेल्या असतात. ३/१६ इंच म्हणजे ४.७६ मिलिमीटर. ५ मिलिमीटरच्या भोकात ती सहज जाते आणि पाव मिलिमीटर ढिली राहते, तेवढ्यावर कोपरे गोल होतात. गोळीसारख्या टोकाची अ‍ॅलन की तिरपी घालता येते म्हणून आवडते, पण घट्ट बोल्ट पहिल्यांदा सैल करायला ती कधीच वापरू नये. सैल झाल्यावर भरभर फिरवायला ठीक.

बिट बसला की नाही हे कळायला मोजपट्टी लागत नाही. आधी डोक्यातली घाण काढा. सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. फुलीत चिखल, रंग, मीठ साठलेलं असतं, टाचणीने किंवा दाभणाने खरवडून आणि ब्रशने झाडून घ्या. मग बिट घालून हाताने डावी-उजवीकडे हलवा. खुळखुळला तर तो तुमचा नव्हे. सुटा स्क्रू असेल तर बिटावर आडवा धरून बघा. लोहचुंबक नसलेल्या टोकावरही जो स्क्रू पडत नाही, तिथे जोडी जमली. काढताना पहिल्या झटक्याला फिरवण्यापेक्षा दाबण्यावर जास्त जोर हवा, आणि ड्रायव्हर स्क्रूच्या अगदी सरळ रेषेत.

गंज खोटा आहे असं आम्ही मुळीच म्हणत नाही. उन्हाळ्यात खारं पाणी मांडवीतून वर बरंच आत चढतं. इंजिनाचं अंग अ‍ॅल्युमिनियमचं आणि स्क्रू स्टेनलेसचा, मध्ये खारं पाणी, अशा वेळी दोन धातूंमध्ये विजेचा खेळ सुरू होतो आणि अ‍ॅल्युमिनियम झिजून आट्यांत पांढरी पूड भरते. ती पूड स्क्रूला सिमेंटसारखी धरते. अशा स्क्रूवर गंज सोडवणारं तेल घालून रात्रभर ठेवावं. सकाळी बिट बसवून मागून हातोडीने एक-दोन हलके टोले द्यावेत, म्हणजे बिटही तळाला टेकतो आणि पूडही तडकते. तरी नाही तर ठोकून फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्यावा. हातोडी मारली की तो दाबतो आणि फिरवतो, दोन्ही एकदम. पण त्याच्या टोकाला चुकीचा बिट लावला तर एका टोल्यात सत्यानाश, आणि कार्बोरेटरसारख्या नाजूक अंगावर तो अजिबात नको. फुली थोडी खाल्ली असेल तर व्हॉल्व्ह घासायची पेस्ट बिटाच्या टोकाला लावून बघा, तिच्या खरखरीत कणांनी पकड वाढते. परत बसवताना आट्यांना पाण्यात न धुपणारं ग्रीस लावलं की पुढच्या पावसात हीच लढाई नाही. पेट्रोल-केरोसीनच्या शेजारी बत्तीने गरम करण्याचा उद्योग मात्र शेडमध्ये चालणार नाही, हे या निमित्ताने पुन्हा सांगतो.

बॅटरीवरच्या ड्रिल मशीनबद्दल दोन शब्द. नव्या पोरांना ती फार आवडते. पत्रे मारायला, फळ्या बसवायला उत्तम. पण अ‍ॅल्युमिनियममधल्या आट्यांना हात जो इशारा देतो, तो मशीनला कळत नाही. कार्बोरेटरचे स्क्रू हातानेच काढावेत आणि हातानेच आवळावेत.

आता आमच्या प्रस्तावाकडे. संस्थेच्या पैशातून एक चांगली पेटी घ्यावी असं आम्ही संचालक मंडळासमोर मांडलं आहे. त्यात जपानी टोकाचे तीन ड्रायव्हर, टॉर्क्सचा टी १० ते टी ५० संच, फक्त मिलिमीटरच्या अ‍ॅलन की, ड्रेन प्लगसाठी रुंद पात्याचे दोन बिट, एक रॅचेट आणि एक इम्पॅक्ट ड्रायव्हर. यावर तीन हरकती आल्या.

पहिली, "आमकां कित्याक जाय इतलें? मेकॅनिक आहे ना." आहे. पण नदीच्या मधोमध कार्बोरेटरच्या वाटीत कचरा अडकला, तेव्हा मेकॅनिक धक्क्यावर असतो आणि ओहोटी तुम्हाला ओढत असते. आणि मेकॅनिककडे इंजिन जातं तेव्हा निम्म्या वेळा फुली आधीच आपण खाल्लेली असते. मग तो स्क्रू काढायला जो वेळ लावतो त्याचे पैसे लावतो, आणि आपण त्याच्या नावाने बोटं मोडतो.

दुसरी हरकत, सगळे स्क्रू काढून अ‍ॅलनचे घालावेत म्हणजे कटकट मिटेल. काही ठिकाणी हे बरोबर आहे, आरएक्सवाल्यांनी तेच केलं. पण उथळ भोकाच्या गोल डोक्याच्या अ‍ॅलनमध्ये मीठ साठलं की तीही तशीच गोल होते. शिवाय लांबी एक-दोन मिलिमीटर जास्त झाली तर आतल्या भागाला टेकते, कमी झाली तर आटे उपटते. बाजारात मिळेल तो स्क्रू घालून हा प्रश्न सुटत नाही.

तिसरी हरकत खजिनदारांची आहे आणि ती आम्हाला पटते. बिट हरवतात, झिजतात, कोणी घरी नेले तर परत येत नाहीत. म्हणून पेटीला वही असेल. बाहेर नेताना सही, आणताना मोजणी. झिजलेल्या बिटाची कड चमकते, गोल दिसते. तो परत पेटीत न ठेवता टाकायचा आणि वहीत लिहायचं. बिट हा जाळ्याच्या दोऱ्यासारखा संपणारा माल आहे, त्याचा खर्च दर वर्षी थोडा धरावा लागेलच. पेट्या खाऱ्या हवेत उघड्या न ठेवता तेलाच्या फडक्यात गुंडाळाव्यात, एवढं तरी आपण सगळे करू शकतो.

पेडण्याकडचे, शापोरा आणि तेरेखोलच्या काठावरचे काही मित्रही हे पान वाचतात. त्यांच्याकडे पाणी आपल्यापेक्षा जास्त खारं, म्हणजे हा त्रासही जास्तच असणार. तुम्ही काय वापरता, कुठून आणता, ते खाली जरूर लिहा.

प्रस्ताव पुढच्या बैठकीत मताला येईल. त्याआधी येत्या शनिवारी सकाळी शेडमध्ये आमच्या ओळखीच्यांकडून मागून आणलेले जपानी ड्रायव्हर ठेवतो आहोत. आपला नेहमीचा स्क्रूड्रायव्हर आणि एखादा जुना स्क्रू घेऊन या, दोन्ही शेजारी शेजारी लावून बघा, मग मत द्या. येण्याआधी इंजिनाचे दोन्ही ड्रेन प्लग पुसून बघा. खाचेची कड उचललेली दिसली तर इंजिनाचं मॉडेल कागदावर लिहून आणा, नवे प्लग आणि वॉशर एकदमच मागवायचे आहेत.